शेऱ्याचा रकाना

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. त्या दिवशी सांगलीत आमच्या गल्लीतल्या एकाही घरात संध्याकाळच्या चहाला दूध उरलं नव्हतं. देशभर गणपती दूध पीत होता, तसा आमच्या कोपऱ्यावरच्या देवळातलाही पीत होता. मी तेव्हा नववीत होते. रांगेत तासभर उभी राहिले, चमचा सोंडेला लावला आणि माझ्या डोळ्यांसमोर दूध कमी झालं. धावत घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. स्वयंपाकघरात गेले, पाट्यावरचा वरवंटा धुऊन घेतला, ओसरीवर आणून ताटात उभा केला, आईकडून वाटीभर दूध मागून घेतलं आणि मला म्हणाले, "आता याला पाज."

वरवंट्यानेही दूध घेतलं. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे दूध चमच्याबाहेर ओढलं जातं आणि दगडाच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरतं. देवळातली मूर्ती पांढऱ्या संगमरवराची आणि सकाळपासून ओली, त्यामुळे तिच्यावर हा ओघळ कुणाला दिसला नव्हता. आमचा वरवंटा काळा होता. अण्णांनी ओघळावरून बोट फिरवून मला दाखवलं. त्या संध्याकाळी गल्लीतली पंधरा-वीस माणसं आमच्या ओसरीवर येऊन वरवंट्याला दूध पाजून गेली. अण्णांनी कुणालाही "तुम्ही फसलात" असं म्हटलं नाही. फक्त चमचा हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बघा बरं."

माझे वडील असे होते, आणि मला सांगायचं आहे ते त्यांच्या अंगठीबद्दल.

अण्णा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. आमच्या घरात नाणं हे आधी उडवायचं असे आणि मग खर्चायचं. लहानपणी ताईला आणि मला ते शंभर वेळा नाणं उडवून छापा-काटा लिहायला लावत, आणि मग दुसऱ्या कागदावर नाणं न उडवता, मनानेच, शंभर छापे-काटे लिहायला सांगत. दोन्ही कागद बघून मनाने लिहिलेला कुठला ते अण्णा लगेच ओळखत, कारण मनाने लिहिताना सलग सहा वेळा छापा लिहायला आमचा हात धजत नसे आणि खरं नाणं ते सहज करून जाई. "योगायोग आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते आठवताना त्यांचा आवाजच कानात येतो.

ताईच्या लग्नाच्या वेळी कुणीतरी तिला मंगळ असल्याचं काढलं. अण्णांनी त्यानंतर पत्रिका कुणाला दिलीच नाही. मुलीचं शिक्षण बघा, स्वभाव बघा, तब्येत बघा, असं सांगायचे. तिची जन्मवेळ त्यांच्या डायरीत मिनिटासकट लिहिलेली होती, पण ती त्यांनी पाहुण्यांपुढे उघडली नाही. दोन चांगली स्थळं त्यापायी गेली. आईचा जीव वरखाली व्हायचा. अण्णा ढळले नाहीत, आणि पुढे ताईचं लग्न पत्रिका न बघताच झालं.

२००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. सहकाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे होते, डॉ. नरेंद्र दाभोलकर होते, ज्योतिषाचा आतून अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे होते. कल्पना साधी होती. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्या एकत्र मिसळल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पाठवल्या. यातली हुशार मुलाची पत्रिका कोणती आणि मतिमंद मुलाची कोणती, एवढंच सांगायचं. ५१ ज्योतिषी तयार झाले, २७ जणांनी उत्तरं पाठवली. त्यांची सरासरी ४६ टक्के आली. सगळ्यांत वरच्याचे चाळीसपैकी २४ बरोबर होते. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका बघितल्या, तिचे १०२ जुळले.

निकाल आले तेव्हा मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला लागून काही वर्षं झाली होती. सुट्टीला सांगलीला गेले तर अण्णा कागद-पेन घेऊन बसलेले. "हे बघ," म्हणाले, "सरासरी ४६ आली म्हणून लोक आनंद मानतायत, पण खरी गंमत त्या चोविसात आहे. नाणं उडवलं तर चाळीसपैकी वीस बरोबर येणार, प्रमाण विचलन, म्हणजे विसाच्या आजूबाजूचा नेहमीचा चढ-उतार, तीनाच्या जरा वर. २७ जणांनी डोळे मिटून नाणी उडवली असती तरी त्यांतल्या एक-दोघांचे पंचवीस किंवा जास्त आले असते. इथे पहिला नंबरच चोविसाचा." त्यांचा चेहरा उजळला होता. एखाद्या गवयाला दुसऱ्याच्या गाण्यातली बारीक जागा सापडावी तसा. त्यांनी तो हिशेब मला पुन्हा पहिल्यापासून करून दाखवला, आणि मी तो पुढे दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवत आले.

२०११ च्या जानेवारीत आईला अंडाशयाचा कर्करोग निघाला. तिसरी पायरी. मिरजेला शस्त्रक्रिया झाली आणि मग दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा किमो ठरल्या. तिसऱ्या किमोच्या आधी मी पुण्याहून गेले. अण्णा आईच्या पलंगाशेजारी बसून तिच्यासाठी मोसंबी सोलत होते. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीत सोन्यात मढवलेला पुष्कराज होता.

मी काही बोलले नाही. रात्री आई झोपल्यावर स्वयंपाकघरात विचारलं. त्यांनी लपवलं नाही. कॉलेजातल्या एका जुन्या सहकाऱ्याने कुणाकडे तरी नेलं होतं. आईची पत्रिका बघायची गरजच नाही असं तिथे सांगण्यात आलं. पत्नीचं आयुष्य नवऱ्याच्या सप्तम स्थानावरून बघतात आणि अण्णांचा गुरू दुबळा आहे, म्हणून खडा अण्णांनी घालायचा. गुरुवारी सकाळी, तर्जनीत, सोन्यात. अण्णांनी तसं केलं होतं.

मी तेव्हा तिशीला आले होते आणि माझं रक्त तापलं. म्हटलं, "अण्णा, तुम्हीच मला तो हिशेब करून दाखवला होता. चोविसाचा."

अण्णा शांतपणे बोलले. चाचणीत विचारलेला प्रश्न बुद्धीबद्दलचा होता, आयुष्याबद्दलचा नव्हता. एका प्रश्नाचं उत्तर चुकलं म्हणून सगळ्याच प्रश्नांची चुकतील, असा निष्कर्ष काढता येत नाही. ५१ पैकी २४ जणांनी उत्तरंच पाठवली नाहीत. ते २४ कोण होते, जाणते होते की नवशिके, ते कळल्याशिवाय नमुना पूर्वग्रहमुक्त कसा म्हणायचा. आणि मुलांच्या जन्मवेळा पालकांनी सांगितलेल्या. त्यांत दहा-पंधरा मिनिटांची चूक असली तर लग्नरास बदलू शकते.

मला त्या रात्री झोप लागली नाही. या तिन्ही हरकतींत मूर्खपणाची एकही नव्हती. एखाद्या विद्यार्थ्याने काढल्या असत्या तर अण्णांनी त्याची पाठ थोपटली असती. मला टोचत होतं ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी तोच लेख, तीच आकडेवारी आणि तेच कागद-पेन समोर असताना यांतली एकही हरकत त्यांना सुचली नव्हती. तेव्हा त्यांना ती नको होती म्हणून सुचली नव्हती. आता हवी होती, आणि चाळीस वर्षांच्या सरावामुळे ती तयारच होती. अडाणी माणसाला एवढी चांगली कारणं सापडली नसती.

पुढे याच विचारात असताना मला लायनस पॉलिंग भेटले, म्हणजे त्यांच्याबद्दल मी मिळेल ते वाचत गेले. विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रात त्यांच्या तोडीची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १९५४ चं रसायनशास्त्राचं नोबेल, १९६२ चं शांततेचं. दोन नोबेल, आणि दोन्ही कुणाबरोबर न वाटून घेतलेली, असे ते आजवरचे एकटेच. या माणसाने १९७० मध्ये लोकांना सांगितलं की सी जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी-पडसं टळतं. शरीराला दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्या आत जे पुरतं ते स्वतः ग्रॅमांत घ्यायचे. मग सर्दीवरून ते कर्करोगावर आले. १९७६ मध्ये इवन कॅमेरॉन या स्कॉटिश सर्जनबरोबर त्यांनी एक तुलना छापली: सी जीवनसत्त्व दिलेले शेवटच्या टप्प्यातले शंभर रुग्ण एका बाजूला, आणि त्याच रुग्णालयातल्या जुन्या नोंदींमधून निवडलेले हजार रुग्ण दुसऱ्या बाजूला. जीवनसत्त्ववाले चौपटीहून जास्त दिवस जगले, असं त्यात दिसत होतं. आता, संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही विचारेल की ही निवड कुणी केली, कशी केली, चिठ्ठ्या टाकून गट का पाडले नाहीत. पॉलिंगना ते विचारावंसं वाटलं नाही.

मग मेयो क्लिनिकने रीतसर प्रयोग केला. निम्म्यांना जीवनसत्त्व, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, कुणाला काय मिळतंय ते रुग्णाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नाही. १९७९ मध्ये निकाल आला: काही फरक नाही. पॉलिंग म्हणाले, या रुग्णांना आधी किमो दिलेली होती, त्यांची प्रतिकारशक्ती अगोदरच खचलेली. हरकत रास्त होती. मेयोने किमो न घेतलेले शंभर रुग्ण घेऊन पुन्हा प्रयोग केला. १९८५ मध्ये निकाल तोच. पॉलिंग म्हणाले, जीवनसत्त्व फार थोडे दिवस दिलं, आजार वाढल्यावर ते थांबवलं. हीसुद्धा विचार करण्यासारखी हरकत होती. जी चाळणी त्यांनी मेयोच्या प्रयोगाला लावली, तिच्यातून कॅमेरॉनच्या जुन्या नोंदी एकदाही गेल्या नाहीत, एवढीच गोष्ट.

हे वाचताना एके ठिकाणी मी थांबले. त्यांची पत्नी एव्हा हेलन. लग्न १९२३ चं. १९७६ मध्ये तिला जठराचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर ती सी जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेत राहिली आणि १९८१ च्या डिसेंबरात गेली. पॉलिंग त्यानंतर तेरा वर्षं जगले आणि शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावरून हलले नाहीत. मेयोचा दुसरा निकाल आला तेव्हा एव्हाला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या कागदावर सही करून "मी चुकलो" म्हणणं म्हणजे त्या पाच वर्षांतल्या प्रत्येक सकाळी तिच्या हातात दिलेल्या पेल्याबद्दल काय म्हणणं झालं असतं, हे मला दिसायला लागलं. पॉलिंगच्या मनात नेमकं हेच होतं असं मी म्हणत नाही. त्यांचा विश्वास तिच्या आजाराच्या आधीचा. पण मोसंबी सोलणारा अण्णांचा हात मी पाहिलेला होता, आणि त्या हातावरून मला पॉलिंग थोडे कळले.

हुशार माणसं खुळ्या गोष्टींवर विश्वास का ठेवतात, असं कुणी विचारलं की आपण उत्तर डोक्यात शोधतो. काहीतरी विचारात चूक, तर्कात भोक. मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटायचं. आईच्या आजारात माझं मत बदललं, आणि ते बदललं आईच्या एका वाक्याने.

त्या भांडणानंतर दोन दिवसांनी आईनेच विषय काढला. तिला सगळं ऐकू गेलं होतं. भिंती काय, नावालाच. आई सोमवार करायची, वारीला निघालेल्यांना पाणी द्यायची, पण खडे-बिडे तिने कधी मानले नाहीत. म्हणाली, "घालू दे गं त्यांना. त्यांचे हात रिकामे पडलेत."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"डॉक्टर औषध देतात. ताई डबा करते. तू कागदपत्रं बघतेस. मी ओकते, झोपते, माझं काम मी करते. त्यांना काय आहे करायला? जन्मभर कुठलंही गणित घेऊन माणसं त्यांच्याकडे आली. आता आलंय, ते त्यांना सुटत नाही."

पुढे मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाचं एक निरीक्षण वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. बेटाच्या आतल्या उथळ, शांत पाण्यात लोक मासे धरायचे तेव्हा कसलाही मंत्र म्हणत नसत. तिथे मासा कसा मिळतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि जिवाला धोका नव्हता. उघड्या समुद्रात होड्या घालायच्या असल्या की मात्र मंत्र, विधी, पथ्य सगळं यायचं. माणसं तीच, अक्कल तीच. पाणी बदललं.

ही काही अडाणी बेटवाल्यांची गोष्ट नाही. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत चंद्राकडे पाठवलेली रेंजर मालिकेतली पहिली सहा यानं अपयशी ठरली. १९६४ मध्ये सातव्याच्या वेळी कुणीतरी नियंत्रण कक्षात शेंगदाणे वाटले, आणि ते यान यशस्वी झालं. तेव्हापासून तिथे मोठ्या मोहिमेच्या वेळी शेंगदाण्यांची बरणी फिरते. आपल्या पीएसएलव्ही यानांच्या यादीत सी-१२ नंतर एकदम सी-१४ येतं; अशुभ मानला जाणारा तेरा मध्ये नाही. ही माणसं इंधनाचा हिशेब शेंगदाण्यांवर सोडत नाहीत; जिथवर हिशेब चालतो तिथवर ती शेवटच्या दशांश स्थळापर्यंत जातात. पण यान एकदा सुटलं की हातात काही उरत नाही. ती काही मिनिटं म्हणजे त्यांचा उघडा समुद्र.

मला वाटतं, आणि हे मी घरात बघून म्हणते, की बुद्धिमान माणसाला हतबलता इतरांपेक्षा जास्त जड जाते. ज्याला आयुष्यात बऱ्याच गोष्टी जमल्याच नाहीत, त्याची तिच्याशी थोडीफार ओळख असते. आमच्या शेजारच्या काकू आईजवळ येऊन नुसत्या बसायच्या, तिचे पाय चेपायच्या, अर्धा तास एक शब्द न बोलता. अण्णांना ते येत नव्हतं. प्रश्न समोर ठेवून नुसतं बसायचं, उत्तर काढायचं नाही, असं त्यांनी कधी केलंच नव्हतं. साठ-पासष्ट वर्षं बुद्धीने त्यांना प्रत्येक वेळी काहीतरी करायला दिलं. या वेळी तिने काही दिलं नाही, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी दिलेलं त्यांनी घेतलं. आणि एकदा घेतल्यावर त्याचं रक्षण करायला ती बुद्धी धावून आली, कारण ते काम तिला येत होतं.

मी स्वतःला यातून वगळू शकत नाही. मी खडा घातला नाही, पण त्या महिन्यांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी इंटरनेटवर तिसऱ्या पायरीच्या रुग्णांची आकडेवारी वाचत होते. वाईट आकडे असलेला शोधनिबंध आला की मी त्यातली खोट काढायची: नमुना लहान आहे, औषधं जुनी आहेत, रुग्णांचं वय जास्त आहे. चांगले आकडे आले की पान जतन करून ठेवायची. माझ्या संगणकावर तेव्हाची एक फोल्डर आहे, तिच्यात अकरा निबंध आहेत आणि अकराच्या अकरा आशादायक आहेत. मी भौतिकशास्त्र शिकवते. मापनातला पूर्वग्रह हा धडा दर जूनमध्ये माझ्या तोंडून मुलांना ऐकवला जातो.

एवढं म्हटल्यावर कुणाला वाटेल की मी "ज्याची त्याची श्रद्धा" म्हणून सगळंच सोडून देते आहे. तसं नाही. मिरजेला आईच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. स्तनातली गाठ हाताला लागल्यापासून तिने आठ महिने कुणाचा तरी अंगारा आणि काढा घेतला होता. अंगारा आणून देणारा तिचा मुलगा शिकलेला इंजिनिअर होता. तो आईवर जीव टाकायचा. रात्रभर तिच्या उशाशी उभा असायचा. गाठ तोवर हाडांत गेली होती. अण्णांच्या अंगठीने आईची एक किमो चुकवली नाही, एक गोळी कमी केली नाही. हा फरक फार मोठा आहे आणि तो मी कधीही पुसू देणार नाही. दुःखात सापडलेल्या माणसाला अंगारा विकणाऱ्याबद्दल माझ्या मनात दया नाही. पण त्या मुलाला मी मूर्ख म्हणू शकत नाही. त्याला ओरडून काही उपयोग झाला असता असंही मला वाटत नाही. आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी त्याच्याजवळ बसायला हवं होतं, त्याच्या भीतीबद्दल बोलायला हवं होतं, आणि मग हात धरून तपासणीला न्यायला हवं होतं. मी अण्णांना २४ चा आकडा फेकून मारला तेव्हा ते गप्प झाले. मला वाटलं मी जिंकले. त्यानंतर कित्येक महिने आम्ही दोघं एकमेकांशी फक्त औषधांच्या वेळांबद्दल बोललो.

सहा किमोंनंतर आई बरी झाली. वर्षभर खरंच बरी होती; पापड लाटले, ताईच्या मुलाला पोहायला नेऊन काठावर बसून राहिली. मग आजार उलटला, आणि २०१२ च्या नोव्हेंबरात ती गेली.

अण्णांनी अंगठी काढली नाही. मला वाटलं होतं, आता काढतील. ज्यासाठी घातली ते तर झालं नाही. दिवसकार्य झाल्यावर मी एकदा भीतभीत विचारलं. "राहू दे," म्हणाले.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. सकाळी फिरायला निघालेला निःशस्त्र माणूस. अण्णांनी त्यांची व्याख्यानं ऐकली होती. साताऱ्याचा हा डॉक्टर, जुना कबड्डीपटू, समोरच्याला न दुखावता बोलतो, याचं त्यांना फार कौतुक होतं. मी फोन केला तेव्हा त्यांच्याकडून शब्द फुटत नव्हता. त्या आठवड्यात मी सांगलीला गेले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झटले त्याचा वटहुकूम ते गेल्यावर चार दिवसांत निघाला होता, आणि अण्णा पेपर पुढे धरून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आधी का नाही? आधी का नाही?" संध्याकाळी गावात निषेधाची मूक फेरी होती. गुडघे दुखत असताना अण्णा पूर्ण रस्ता चालले. त्यांच्या हातात फलक होता. फलकाच्या काठीवर आवळलेल्या बोटांत तो पुष्कराज होता.

मी शेजारून चालत होते. अंगठीच्या आतल्या बाजूला, बोटाकडे, काहीतरी जांभळट-काळं दिसत होतं; मळ साचला असेल असं वाटलं. मला त्या वेळी विचारावंसं वाटलं, की अण्णा, हे दोन्ही तुमच्या एका हातात कसं मावतं? विचारलं नाही. ते खरोखर रडत होते. फलकावरचा शब्दन् शब्द त्यांना मान्य होता, तो त्यांच्या आयुष्याचा भाग होता, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

२०१८ च्या हिवाळ्यात अण्णा गेले. पुढच्याच ऑगस्टात कृष्णेला तो पूर आला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या घरात छातीभर चढलं. अण्णांची पुस्तकं, उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्या, आमच्या छाप्या-काट्याचे कागद, सगळ्याचा लगदा झाला. माळ्यावर होतं तेवढं वाचलं. घर रिकामं करायला ताई आणि मी गेलो तेव्हा माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात अंगठी सापडली आणि तिच्याखाली एक लांबट वही.

वही आईच्या आजाराची होती. अण्णांच्या सुबक अक्षरात रकाने आखलेले: तारीख, किमो क्रमांक, सीए-१२५, हिमोग्लोबिन, वजन, शेरा. सीए-१२५ ही रक्तातली एक खूण. या आजारात तिच्या आकड्यावर डॉक्टर लक्ष ठेवतात, ३५ च्या खाली असला तर बरं. पहिल्या ओळीत तो ८१२ होता. पहिल्या किमोनंतर ३९०. दुसऱ्या किमोनंतर १४०. त्याच्या पुढच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: "आज पुष्कराज." आणि त्या दोन शब्दांच्या वर लाल पेन्सिलीने एक आडवी रेघ मारून समासात बारीक अक्षरात: "उतार याआधीच सुरू. संबंध नाही."

हे त्यांनी अंगठी घातली त्याच दिवशी लिहिलं की आमच्या भांडणानंतर, ते वहीवरून कळत नाही. पेन्सिलीला तारीख नसते. म्हणजे स्वयंपाकघरात मला त्या तीन हरकती सांगत होते तेव्हा त्यांना ठाऊक होतं, किंवा मी निघून गेल्यावर त्यांनी पुन्हा हिशेब केला. ताई म्हणाली, काय फरक पडतो. मी वही घेऊन जिन्यावर बसले.

आकडे खाली येत जातात, १९ वर थांबतात, पुष्कळ ओळी तिथेच राहतात. शेऱ्यात लिहिलेलं: "पापड लाटले, दोन तास बसली." "केस येऊ लागले." मग २०१२ च्या जूनपासून आकडा चढायला लागतो. ६८. १७५. ४२०. त्यानंतर आकड्यांचा रकाना कोरा, तपासण्या थांबवल्या असाव्यात. शेऱ्याचा रकाना मात्र चालू आहे. "पेज दोन वाट्या." "झोप लागली." "ताईला हाक मारली."

शेवटची ओळ १४ ऑक्टोबरची आहे. "माझी अंगठी सैल झाल्याचं हिला दिसलं. वजन घटलंय म्हणाली तुमचं. उशीला टेकून बसली, शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला, आतून गुंडाळून दिला. हात कापत होता, वीस मिनिटं लागली. आता घट्ट बसते."

मी डब्यातली अंगठी उचलून उजेडात धरली. दोरा अजून आत होता, झिजून कडक झालेला. जांभळा. ताईच्या मुलाच्या दुपट्याला काठ शिवायला आईने आणलेलं ते रीळ होतं.